हेल्मेटात माया ठेवू नका

पत्र: मॅडम, आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. मी घरी शिलाई करते, मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत आहेत. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. दोघं तीन वर्षं कराटेला जातात. आता पुढच्या महिन्यापासून फाईट सुरू होणार म्हणून सरांनी सामानाची चिठ्ठी दिलीय: हेडगार्ड, माउथगार्ड, ग्लोव्हज, चेस्टगार्ड, शिनगार्ड, जांघेचा सेंटर गार्ड. ऑनलाइन एका बॅगेत पूर्ण सेट मिळतोय. दोघांचं मिळून चार हजारांच्या वर आत्ता जमणार नाही. मोठ्या मापाचं घेतलं तर तीन वर्षं जाईल आणि मग धाकट्याला होईल, असं माझं गणित आहे. मुलीच्या दातांना तार आहे. सासूबाई म्हणतात, आमच्या वडिलांनी तालमीत जन्म काढला, त्यांनी कधी डोक्याला काय बांधलं? आधी काय घेऊ?

उत्तर:

ताई, तुमचं गणित मी शेकडो आयांच्या तोंडून ऐकलंय. शाळेचा गणवेश आपण असाच घेतो, बूटही असेच घेतो, पुढं कापूस कोंबून. तुम्ही तर शिलाई करता. पोरीच्या ड्रेसला आत माया ठेवता आणि ती वाढली की उसवून सोडता. पण ती माया चालते कशामुळं? ती शिवणीच्या आत दुमडलेली असते आणि बाहेरून ड्रेस आजच्या अंगालाच बसतो. हेडगार्डला, म्हणजे आपल्या हेल्मेटला, अशी सोय नाही. जास्तीची जागा डोकं आणि फोम यांच्या मध्ये मोकळीच राहते. गालावर एक ठोसा बसला की सैल हेल्मेट गर्रकन फिरतं आणि त्याची कड डोळ्यांवर येते. पुढचा ठोसा पोरीला दिसतच नाही. डोळे बांधून उभं केल्यासारखं होतं ते. त्यापेक्षा हेल्मेट नसलेलं बरं, निदान तिला समोरचा हात तरी दिसेल.

म्हणून माप आजचं घ्या. टेप तुमच्याकडं आहेच. भुवयांच्या वर दोन बोटं धरून कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. 'स्मॉल', 'मीडियम' प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळं पाकिटावरचा आकडा जुळतो का ते बघा. माप घेताना वेणी रोजच्यासारखी, मानेवर खाली घालायला सांगा, कारण वर अंबाडा बांधला तर मागची पट्टी बसत नाही. त्या दिवशी डोक्याला तेल नको, हेल्मेट घसरतं. मग हनुवटीचा पट्टा लावून तिला दोन-तीनदा जोरात 'नाही' म्हणून मान हलवायला लावा, खाली वाकून पायाची बोटं धरायला लावा. तुम्ही हेल्मेटची पुढची कड चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. नुसतं हेल्मेट सरकलं आणि कपाळ जागेवर राहिलं, तर ते मोठं आहे. शेवटी तिच्या बाजूला, थोडं मागं उभं राहा आणि एक बोट हळूहळू पुढं आणा. कानाच्या रेषेच्या जरा पुढं आलं की तिला दिसायला हवं. गालाचा फोम फार जाड असला तर तिथं नजर अडते.

मिस्टरांना विचारा, फौंड्रीत सैल हेल्मेट घालून कुणी भट्टीजवळ जातं का. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

आता 'आधी काय' या तुमच्या प्रश्नाकडं येते. आधी दात. हेल्मेट चिठ्ठीत पहिलं असलं तरी पहिले पैसे माउथगार्डला जाऊ द्या, दोघांच्याही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. खूप वर्षांपूर्वी शहापुरात भाड्याच्या हॉलमध्ये मी क्लास घेत होते. बारा वर्षांचा एक मुलगा माउथगार्ड विसरून आला होता. मी म्हटलं, असू दे, आज हळूच खेळ, पुढच्या वेळी आण. दोघं एकाच वेळी पुढं सरसावले आणि समोरच्याचं कोपर याच्या तोंडावर आलं. कुणी मुद्दाम मारलं नव्हतं. ताडपत्रीवर पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. वरचा पुढचा दात होता, मुळासकट. नशिबानं मला एवढं माहीत होतं की दात मुळाकडून धरायचा नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, घासायचा नाही आणि वाळू द्यायचा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून नंदिनी दुधाचं एक पाकीट आणलं, स्टीलच्या ग्लासात ओतलं, दात त्यात टाकला आणि अर्ध्या तासात आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीपाशी होतो. त्यांनी दात परत बसवला आणि तो टिकला. पण त्या ग्लासातलं गुलाबी झालेलं दूध मी विसरलेली नाही. त्या दिवसानंतर माउथगार्डशिवाय माझ्या क्लासात कुणी फाईटला उभं राहिलं नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो.

तुमच्या मुलाचे पुढचे दात नऊव्या वर्षी पक्के आलेले असणार. ते पडले तर दुसरे येत नाहीत. त्याला गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा साधा माउथगार्ड घ्या, लहान मुलांच्या मापाचा, दोन-चारशे रुपयांत मिळतो. पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि पाकिटावर जेवढे सेकंद लिहिलेत तेवढेच बुडवा. जास्त झालं तर तो वितळून आकार जातो. बाहेर काढून क्षणभर थंड होऊ द्या, नाहीतर हिरडी भाजेल. वरच्या दातांवर बसवून त्याला चावायला सांगा, आतली हवा चोखून घ्यायला सांगा आणि तुम्ही बाहेरून ओठांवरून बोटांनी नीट दाबा. मग गार पाण्यात टाका. नीट बसला की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे: तोंड उघडल्यावर जिभेचा आधार न देता तो वर टिकला पाहिजे. मागं टोचून ओकारी येत असेल तर शेवटचा तुकडा कात्रीनं थोडा कापा. या वयात दाढा अजून पडत-येत असतात, म्हणून सहा महिन्यांनी परत बघा. ढिला झाला असेल तर नवा घ्या. इथं तर मापात माया ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

मुलीचं मात्र वेगळं आहे. तिच्या दातांना तार आहे आणि चावून बसवायचा नेहमीचा माउथगार्ड तारेत रुतून बसतो. काढताना तार ओढली जाते. शिवाय दात महिन्या-महिन्याला सरकत असतात, त्यामुळं आज बसलेला पुढं बसत नाही. तारवाल्यांसाठी रुंद खाचेचा, न रुतणारा माउथगार्ड मिळतो. पण तार लावणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. तिच्यासाठी तो दुप्पट महत्त्वाचा आहे, कारण ठोसा लागला तर दाताआधी ओठ आतून तारेवर फाटतो.

हेल्मेटविषयी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ते भुवई फुटण्यापासून, कान चेंगरण्यापासून, खाली पडताना डोकं आपटण्यापासून बऱ्यापैकी वाचवतं. मेंदूला बसणारा हादरा मात्र ते थांबवत नाही. नारळ टॉवेलात गुंडाळून हलवून बघा, आतलं पाणी डुचमळायचं थांबत नाही. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं २०१३ मध्ये वरच्या पातळीवरच्या पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुष बॉक्सर त्याशिवाय उतरले. हेडगार्डमुळं डोक्याचा मार कमी होत नाही, असं संघटनेचं म्हणणं होतं. उघड्या डोक्यानं खेळताना कातडी फाटायचं प्रमाण मात्र वाढलं. तो निर्णय मोठ्या, तयार खेळाडूंसाठी होता. लहान मुलांना हेल्मेट हवंच. पण 'आता हेल्मेट आहे, मार जोरात' असं क्लासात कुणी म्हणत असेल तर मला तिथं हेल्मेटची नाही, माणसाची काळजी वाटते. कराटेच्या स्पर्धेतसुद्धा तोंडावर जास्त जोर लावला तर दंड मारणाऱ्याला होतो.

डोक्याला लागल्यावर पोरगी गप्प झाली, डोकं दुखतंय म्हणाली, मळमळलं, तोच प्रश्न परत परत विचारू लागली, तर त्या दिवशी फाईट संपली. 'जरा पाणी पी आणि उभी राहा' असं चालत नाही. डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच परत खेळायचं. उलट्या होत राहिल्या, फार झोप यायला लागली किंवा झटका आला तर वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.

आता सासूबाईंचं. त्यांचं बोलणं झटकून टाकू नका, कारण त्यांना काहीतरी आठवतंय. त्यांच्या वडिलांच्या तालमीत डोक्याला काही बांधत नव्हते हे खरं. पण अंगाखाली तांबडी माती होती. ती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कसलेली असायची आणि कुस्तीच्या आधी फावड्यानं उकरून मऊ केली जायची. ती मातीच त्यांचा गार्ड होती. शिवाय कुस्तीत ठोसा-लाथ नाही. आणि सगळ्यांत मोठा गार्ड म्हणजे वस्ताद. वस्ताद जोड बघून लावायचे. वजन, वय, तयारी बघून, नव्या पोराला जुन्या पैलवानाच्या हाती देताना 'याला फक्त खेळव' असं बजावून. सासूबाईंना एकदा विचारा, वडील जोडीविषयी काय सांगायचे. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं.

आणि मग तेच सरांना विचारा, सरळ आणि आदरानं. सर, हिची जोड कुणाशी लावणार? किती जोरात खेळायचं हे कोण सांगणार आणि जोर वाढला तर थांबवणार कोण? एका वेळी किती जोड्या उभ्या करणार? चाळीस पोरं आणि एकटे सर असतील तर वीस जोड्यांवर एकाच वेळी नजर राहत नाही. खाली मॅट आहे की नुसती फरशी? चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. मला कधी आला नाही. उलट ज्या आया विचारायच्या, त्यांच्या पोरांकडं माझं लक्ष जास्त जायचं, हे मी खरं सांगते.

बाकीचं सामान. शिनगार्ड गुडघ्याच्या खाली सुरू होऊन घोट्याच्या वळणापर्यंत यावा. मोठा घेतला तर पळताना गोल फिरून पोटरीवर जातो आणि नडगी उघडी पडते. नडगीवर नडगी बसली की काय होतं ते एकदा सोसलेल्यालाच कळतं. पायमोज्यासारखा चढवायचा शिनगार्ड नव्यांना बरा पडतो, वेल्क्रोवाला घट्ट-सैल करता येतो पण टोकं नीट दाबलेली हवीत, नाहीतर समोरच्याला ओरखडे येतात. ग्लोव्हज घालून मूठ पूर्ण मिटली पाहिजे. बॅगवर मारायचे बॉक्सिंगचे ग्लोव्हज फाईटला आणू नका, त्यांतला फोम तुमच्या हाताला जपतो, समोरच्याच्या तोंडाला नाही.

सेंटर गार्ड मुलाला पहिल्या दिवसापासून. घरात क्रिकेटचा असेल तर तो लाथा मारताना सरकतो, म्हणून कमरेला आणि मांड्यांना पट्टे असलेला घ्या. पोरं लाजतात, बॅगेत ठेवून देतात. घरातूनच घालून पाठवा. मुलींसाठीही वेगळा मिळतो. मुलीच्या छातीच्या गार्डविषयी तुम्ही आई म्हणून तिच्याशी आधी बोला. तेरा वर्षांच्या मुलीला तिथं नुसतं घासलं तरी दुखतं आणि ती ते सरांना सांगणार नाही. ती कारण न देता क्लास सोडून देते. माझ्या डोळ्यांसमोर चांगल्या खेळणाऱ्या दोन मुली अशा गेल्या, आणि मला कारण खूप उशिरा कळलं. माप तुम्ही घ्या, दुकानात नाही, घरी. आत घालायचा पातळ गार्ड घेतला तर तो गणवेशाखाली दिसत नाही आणि हातही मोकळे राहतात.

दुकानात एक गोंधळ नेहमी होतो, त्यावर लक्ष ठेवा. कराटेचं आणि तायक्वांदोचं सामान सारखं दिसतं, पण एक नाही. तायक्वांदोचा छातीचा गार्ड जाडजूड असतो, गणवेशाच्या वर बांधतात, कारण तिथं मुख्यतः लाथांवर खेळ चालतो. कराटेचा पातळ, आत घालायचा. हातातले ग्लोव्हजही वेगळे. 'सगळ्याला चालतं' असं दुकानदार म्हणाला तरी चिठ्ठी दाखवून 'कराटेचं' म्हणूनच मागा. स्पर्धेत एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा असतो. पुढं स्पर्धेला पाठवायचं झालं तर दोन्ही रंगांचे ग्लोव्हज आणि शिनगार्ड लागतील, आत्ता क्लासपुरता एकच रंग पुरे. आणि स्पर्धेचं पत्रक आलं की त्यातला सामानाचा परिच्छेद नीट वाचून घ्या. राज्य पातळीवरची पत्रकं आपल्याकडं बहुतेक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतात, मुलीला शाळेत कन्नड असेलच, तिलाच मोठ्यानं वाचायला लावा. कोणत्या वयाला काय सक्तीचं आहे ते वयोगटाप्रमाणं बदलतं आणि ऐकीव माहितीवर घेतलेलं सामान मैदानावर परत पाठवतात.

ऑनलाइनचा पूर्ण सेट घेऊ नका. त्यात एकाच मापाचं सगळं येतं, पण पोरीचं डोकं मीडियम आणि पाय स्मॉल असू शकतात. वस्तू सुट्या घ्या, बाजारात हाताळून. फोम अंगठ्यानं दाबून सोडा. तो लगेच वर आला पाहिजे. खड्डा राहिला तर तो मेलेला फोम. आतली शिवण, पायपिंग, कपाळाला लागणारा सांधा तुमच्या डोळ्यांना कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त कळेल, त्यावर विश्वास ठेवा. क्लासमधल्या मोठ्या मुलांकडं जुने शिनगार्ड मिळत असतील आणि फोम जिवंत असेल तर खुशाल घ्या. जुना माउथगार्ड आणि सेंटर गार्ड मात्र कधीच नाही. ताईचं धाकट्याला हे गणितही हेल्मेटपुरतं विसरा, तीन वर्षं घामात भिजलेला फोम त्याच्या वाट्याला येईपर्यंत बसलेला असेल.

घाम म्हटल्यावर पावसाचं सांगायला हवं. मृगापासून गणपतीपर्यंत बेळगावात चड्डी-बनियन वाळत नाहीत, तिथं ग्लोव्हज कसे वाळणार? क्लासहून आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात टाकली की चार दिवसांत बुरशी आणि मग कपाळावर, मानेवर नायटा. घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, ग्लोव्हजमध्ये कालचा पेपर चुरगाळून भरायचा आणि फॅनखाली ठेवायचं. चुलीजवळ, गिझरवर किंवा कडक उन्हात नको, फोम कडक होतो आणि वरचं कातडं तडकतं. क्लासचं सामाईक हेल्मेट घालायची वेळ आली तर आत एक सुती रुमाल बांधायला सांगा आणि तो रोज धुवा.

तर चार हजारांत मी असं करीन. मुलाचा साधा माउथगार्ड आणि सेंटर गार्ड. मुलीचा माउथगार्ड डॉक्टरांना विचारून आणि छातीचा गार्ड. दोघांचे शिनगार्ड आणि ग्लोव्हज, जमेल तिथं जुने. हेल्मेट या महिन्यात नाही. त्याऐवजी सरांना सांगा, हेल्मेट येईपर्यंत दोघं फक्त अंगावरची फाईट खेळतील, डोक्यावर ठोसा-लाथ नाही. नव्या मुलांना सुरुवातीचे दोन-तीन महिने असंच खेळवावं असं माझं मत आहेच, पाय आणि अंतर त्यातूनच सुधारतं. तेवढ्यात पैसे जमतील, मग मुलीला घेऊन दुकानात जा आणि वर सांगितलं तसं 'नाही' म्हणून मान हलवायला लावा.

आणि घरी आणलं की सामानाच्या आतल्या पट्टीवर प्रत्येकाचं नाव पक्क्या मार्करनं लिहा. क्लासात सगळी लाल-निळी एकसारखीच दिसतात.